पाठीवरचं गाणं

मामाच्या रेकॉर्डची पेटी घरी आली त्या दिवशी मी एकही गाणं लावलं नाही. खिडकीपाशी बसून एकेक तबकडी पाकिटातून काढली आणि उजेडात तिरपी धरून नुसती बघत राहिलो. जुनी रेकॉर्ड अशी धरली की ती वाचता येते. ज्या बाजूवरून सुई पुन्हा पुन्हा फिरली ती करडी पडते, शाळेतली पाटी कोरड्या हाताने पुसल्यावर दिसायची तशी. जिला कुणी फारसा हात लावला नाही ती मात्र काळीभोर, लखलखीत राहते. पेटीत सात इंची, एका बाजूला एकच गाणं असलेल्या त्रेचाळीस तबकड्या निघाल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त तबकड्यांची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा झिजलेली होती.

मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं.

मामा गोदीत नोकरीला होता. गिरगावातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाची खोली. आजोबा नाट्यसंगीतात रमलेले, आजी हरिपाठात. त्या घरात मामाला इंग्रजी गाण्यांचं वेड कुठून लागलं ते कुणालाच कळलं नाही. पगार झाला की तो काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात जायचा. काही तबकड्या त्याला बोटीवरच्या खलाशांकडून मिळायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे राहायला जायचो. दुपारी मामी जरा आडवी झाली की तो एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर टेबलावर उघडून बसायचा, आवाज अगदी बारीक ठेवून. रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला तो ‘पोट’ म्हणायचा आणि मागच्या बाजूला ‘पाठ’. नवी तबकडी आणली की मला सांगायचा, “आधी पाठ लाव रे. पोट काय, रेडिओवाले ऐकवतीलच.”

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. शब्द कळत नव्हते. पण एवढं समजलं होतं की प्रत्येक गाण्यामागे आणखी एक गाणं असतं, आणि ते ऐकायचं तर जागेवरून उठावं लागतं.

ही वस्तू ज्यांनी हाताळली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन्ही बाजूंना गाणं असलेली तबकडी फार जुनी, १९०४ मध्ये ओडिऑन कंपनीने आणलेली. पण ‘सिंगल’ म्हणून जगभर गाजली ती मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी. ती आरसीए व्हिक्टरने १९४९ च्या मार्चअखेरीस अमेरिकेत बाजारात आणली. एका बाजूला तीन-चार मिनिटं मावत. कंपनीला विकायचं असायचं एकच गाणं. जाहिरात त्याची, रेडिओवाल्यांकडे आग्रह त्याचा. ते म्हणजे ए साइड. पण तबकडीला दोन बाजू असतात आणि दुसरी मोकळी सोडून चालत नाही, म्हणून तिथे काहीतरी लागायचं. आपल्याकडे तर बीटल्सची गाणी साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ७८ च्या ठिसूळ, जड तबकड्यांवरही निघत होती. इंग्लंडात त्या तबकड्या केव्हाच संपल्या होत्या, पण इथे चावीचे ग्रामोफोन अजून घराघरांत होते आणि त्यांच्यासाठी कोलकात्याजवळचा दमदमचा कारखाना चालू होता.

पैशाच्या हिशेबात मात्र पाठ आणि पोट सारखेच. ज्याने तबकडी विकत घेतली त्याने दोन्ही गाणी विकत घेतली, तेव्हा गीतकाराचा वाटा दोन्ही बाजूंना समान. १९७५ च्या अखेरीपासून क्वीन या इंग्लिश बँडचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ नऊ आठवडे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याच्या मागे ड्रमवादक रॉजर टेलरचं मोटारीवरच्या प्रेमाचं गाणं होतं. पुढचं गाणं लिहिणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीला पुढच्या बाजूसाठी जेवढं मानधन मिळालं तेवढंच टेलरला मागच्या बाजूसाठी. त्यावरून बँडमध्ये बरीच धुसफूस झाली. त्यामुळे पाठीवर कुणाचं गाणं जाणार हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ कधीच नव्हता.

निर्माते या पाठीला घाबरूनही असत. रेडिओवरच्या निवेदकाने चुकून तबकडी उलटी लावली तर काय? फिल स्पेक्टरने यावर उपाय काढला होता. तो मागच्या बाजूला मुद्दाम वाद्यवृंदाचं काहीतरी वरवरचं वाजवून टाकायचा, म्हणजे कुणी उलटी लावायच्या फंदात पडणार नाही. १९६३ च्या ‘बी माय बेबी’च्या मागे त्याने ‘टेडेस्को अँड पिटमन’ नावाचा तुकडा ठेवला. ही नावं त्याच्या दोन गिटारवाल्यांची. दोनच वर्षांनी याच माणसाच्या कंपनीतून रायचस ब्रदर्सचं ‘हंग ऑन यू’ निघालं आणि मागच्या बाजूला बॉबी हॅटफील्डने एकट्याने गायलेलं ‘अनचेन्ड मेलडी’ गेलं. निवेदकांनी तबकडी उलटली. पुढच्या बाजूचं नाव आज संग्राहकांनाच आठवतं. मागचं गाणं १९९० मध्ये ‘घोस्ट’ या चित्रपटामुळे पुन्हा जगभर गेलं.

या सगळ्या हकिकतींत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती १२ एप्रिल १९५४ ची. अमेरिकन गायक बिल हेली आणि त्याचे साथीदार न्यूयॉर्कच्या पिथियन टेंपलमध्ये ध्वनिमुद्रणाला निघाले होते. त्यांची फेरीबोट वाळूच्या दांड्यावर अडकली आणि त्यांना उशीर झाला. कंपनीला हवं होतं ‘थर्टीन विमेन’ हे गाणं. बहुतेक सगळा वेळ त्यातच गेला. शेवटी जेमतेम अर्धा-पाऊण तास उरला. त्यात दुसरं गाणं दोनदा वाजवून घेतलं आणि दोन्ही मुद्रणं जोडून एक केलं. ते ‘रॉक अराउंड द क्लॉक’. मेमध्ये तबकडी निघाली तेव्हा ते पाठीवर होतं आणि फारसं चाललं नाही. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर ते वाजलं. दिग्दर्शकाला ते मिळालं नायक ग्लेन फोर्डच्या घरी, त्याच्या लहान मुलाच्या तबकड्यांत. १९५५ च्या जुलैमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण त्यातला तो गिटारचा सुसाट तुकडा ज्याने वाजवला, तो डॅनी सेड्रोन हे पाहायला नव्हता. त्या दिवसाचे त्याला २१ डॉलर मिळाले होते. तबकडी निघून महिना-सव्वा महिना झाला असेल, तो जिन्यावरून पडून गेला. त्याच्या लेखी त्याने एका फारशा न चाललेल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गिटार वाजवली होती, एवढंच.

ते गाणं ऐकताना मी नेहमी त्या तुकड्यापाशी थांबतो. किती घाई आहे त्यात. वेळ संपत आलेल्या माणसांचं ते वाजवणं आहे.

घाईने झालेली ही गोष्ट. पण मामाला ज्या पाठी प्रिय होत्या त्या वेगळ्या. त्याचं म्हणणं असं होतं की पोटावर गाताना कलावंताला गिऱ्हाईक समोर दिसत असतं, पाठीवर गाताना दिसत नाही. बीटल्सचं ‘रेन’ तो याचा दाखला म्हणून लावायचा. १९६६ चं ‘पेपरबॅक रायटर’ हे पोट, चटपटीत, खणखणीत. पाठीवर ‘रेन’. त्याचं वादन त्यांनी जलद वाजवून घेतलं आणि मग टेप हळू फिरवली. त्यामुळे ड्रम आणि गिटार यांना असं एक जडत्व आलं की पाण्यातून चालल्यासारखं वाटतं. सूर एकाच जागी तानपुऱ्यासारखा रेंगाळतो. ड्रमवादक रिंगो स्टारने आपल्या आयुष्यातलं सर्वोत्तम वादन म्हणून याच गाण्याकडे बोट दाखवलं. शेवटी तर जॉन लेननचा आवाज उलटा ऐकू येतो. टेप घरी नेऊन रात्री चुकून उलटी लावली आणि ते आवडलं, असं लेनन सांगायचा. निर्माते जॉर्ज मार्टिन म्हणायचे की कल्पना माझी. पुढच्या बाजूला असा खेळ करायची मुभा त्यांना मिळाली असती का, हे सांगता येत नाही. मागच्या बाजूला कुणी अडवलं नाही.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मे संपत आला होता आणि वळवाचा पाऊस चाळीच्या पन्हाळ्यांतून धो धो पडत होता. मामाने मुद्दाम त्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. पाऊस आला की माणसं डोकं लपवून पळतात, असं त्या गाण्यात म्हटलं आहे हे त्याने मला सांगितलं, आणि खाली रस्त्यावर खरोखरच माणसं डोक्यावर पिशव्या धरून पळत होती. त्यानंतर मी ‘पेपरबॅक रायटर’ पुष्कळदा ऐकलं आहे. चांगलंच आहे ते. पण त्याला ऋतू नाही.

मामा गेल्यानंतर मी स्वतः शोधलेल्या पाठींपैकी एक त्याला ऐकवायची राहून गेली याची रुखरुख आहे. मँचेस्टरच्या द स्मिथ्स या बँडचं ‘हाउ सून इज नाउ’. १९८४ च्या ऑगस्टमध्ये दोन-सव्वादोन मिनिटांच्या एका हलक्याफुलक्या गाण्याच्या बारा इंची तबकडीवर, मागच्या बाजूला, ते आलं. त्यातला गिटारचा थरथरता आवाज काढायला जॉनी मार आणि निर्माता जॉन पोर्टर यांनी वाजवलेली गिटार चार जुन्या अॅम्प्लिफायरांतून पुन्हा वाजवली. चारही अॅम्प्लिफायरांची थरथर एकमेकांशी आणि गाण्याच्या लयीशी जुळायला हवी होती, आणि ती सारखी सुटायची. मग टेप थांबवायची, पुन्हा जुळवायचं, पुन्हा सुरू. दहा-दहा सेकंदांचे तुकडे करत त्यांनी ते पुरं केलं. जे गाणं पाठीवरच जाणार होतं त्याच्यासाठी एवढी मेहनत! रेडिओवर मागणी एवढी वाढली की १९८५ च्या जानेवारीत कंपनीने तेच गाणं पोट म्हणून पुन्हा काढलं.

हे सगळं लिहिताना एक सांगायला हवं. बहुतेक पाठी साध्याच असतात. मामाच्या पेटीतही अशा तबकड्या आहेत ज्यांची मागची बाजू एकदा वाजून कायमची काळी चकचकीत राहिली आहे. त्यानेही त्या एकदा ऐकून सोडून दिल्या. पण एकदा तरी ऐकल्या. क्वचित एखादी तबकडी दोन्ही अंगांनी सारखीच करडी. एल्विस प्रेस्लीची १९५६ ची, एकीकडे ‘हाउंड डॉग’ आणि दुसरीकडे ‘डोंट बी क्रूअल’, अशी आहे. मामी पैठणी घेताना पदर उलटा करून बघायची, कारण हातमागाच्या अस्सल पैठणीचं विणकाम उलटीकडूनही तितकंच सफाईदार दिसतं. ती रेकॉर्ड तशी.

आणि काही तबकड्यांत दोन्ही बाजू एकमेकींशी बोलत असतात. भांडतही असतात.

१९७६ मध्ये फ्लीटवुड मॅक हा बँड कॅलिफोर्नियात एक अल्बम करत होता. त्यातले लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स दोघं जोडीने बँडमध्ये आले होते, आणि अल्बम होता होता त्यांचं नातं तुटलं. त्याने गाणं लिहिलं, ‘गो युवर ओन वे’. तू तुझ्या वाटेने जा. तिने लिहिलं, ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’. मेरीलंडमधून जाताना तिला रस्त्यावरच्या पाटीवर ते गावाचं नाव दिसलं होतं. त्या गाण्याचं सार असं की तू कुठेही जा, तुझ्यावर प्रेम केलेल्या बाईचा आवाज तुझा पिच्छा सोडणार नाही. गाणं संथ आणि लांब होतं. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांहून जास्त भरलं की खाचा अरुंद कराव्या लागतात आणि आवाज पडतो. तेव्हा काहीतरी काढणं भाग होतं, आणि हे गाणं काढलं गेलं. स्टुडिओबाहेर गाड्या लावायच्या जागेत तिला बोलावून ते सांगण्यात आलं. तिने या गाण्याचे हक्क आपल्या आईला भेट दिले होते. अल्बम ‘रूमर्स’ १९७७ च्या फेब्रुवारीत आला, कोट्यवधी प्रती खपल्या. आईच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

गाणं गेलं कुठे? ‘गो युवर ओन वे’च्या पाठीवर. डिसेंबर १९७६ ची ती तबकडी. एका बाजूला तो तिला जा म्हणतो, दुसऱ्या बाजूला ती त्याला सांगते की मी जाणार नाही. मध्ये जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं प्लॅस्टिक. एकाच खाटेवर पाठीला पाठ लावून निजलेलं, अबोला धरलेलं जोडपंच ते. आणि तबकडीची रचनाच अशी की एक बोलायला लागलं की दुसऱ्याने खाली तोंड करून गप्प पडायचं.

रेडिओवर त्याचं गाणं वाजत राहिलं. तिचं गाणं, ज्यांनी तबकडी उलटली त्यांच्यापाशी वीस वर्षं राहिलं. तिला पुढे ते आपल्या संग्रहात घ्यायचं होतं, बँडने नकार दिला, आणि त्या वादातून ती १९९१ मध्ये बँड सोडून गेली. मग १९९७ मध्ये सगळे पुन्हा एकत्र आले. बरबँकच्या एका स्टुडिओत निमंत्रितांसमोर कार्यक्रम झाला, त्याचं चित्रीकरण झालं. त्यात निक्स हे गाणं गाते. शेवटच्या भागात ती माइकसकट बकिंगहॅमकडे वळते आणि नजर न हलवता त्याच्या तोंडावर गाते. तोही गिटार वाजवता वाजवता तिच्याकडे बघत राहतो. मी ते चित्रीकरण शंभरदा तरी पाहिलं असेल. पाठीवर ढकललेलं गाणं वीस वर्षांनी वळून पोटासमोर उभं राहिलं आहे. त्या ध्वनिमुद्रणाला पुढच्या वर्षी ग्रॅमीचं नामांकन मिळालं आणि आईला अखेर पैसे मिळाले. ‘गो युवर ओन वे’ मला आवडतं. पण या दोघांमध्ये कुणाचं गाणं मोठं असं विचारलं तर मला क्षणभरही विचार करावा लागत नाही.

आता ज्या पाठीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

मामाच्या पेटीत तळाशी बीटल्सची १९६८ ची ‘लेडी मॅडोना’ होती. पोट जवळजवळ नवं. पाठ इतकी झिजलेली की खाचांमधलं पांढुरकेपण हाताला जाणवेल. त्या पाठीवर आहे ‘द इनर लाइट’. जॉर्ज हॅरिसनचं गाणं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनला स्वतःचं गाणं मिळालं ते यावर पहिल्यांदा. आणि त्यातलं सगळं वादन मुंबईत, फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत झालं आहे.

मला हे पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मामाला माहीत होतं की नाही, आता विचारायला तो नाही. तबकडीवरच्या गोल कागदावर एकाही वादकाचं नाव नाही.

हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईला आला तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत करायला. स्टुडिओत तेव्हा स्टीरिओ मुद्रणाची सोय नव्हती. एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून स्वतः आणलं. त्या आठवड्यातल्या मुद्रणांना सरोदवर आशिष खान होते, तबला-पखवाजाला महापुरुष मिश्र, संतूरला शिवकुमार शर्मा, बासरीला हरिप्रसाद चौरसिया, सूरबहारला चंद्रशेखर नारिंगरेकर. चित्रपटाचं काम आटोपत आल्यावर हॅरिसनने आणखी एक धून वाजवून घेतली. तिला अजून शब्द नव्हते.

शब्दांची सोय आधीच झाली होती. केंब्रिजला संस्कृतचे एक अभ्यासक होते, हुआन मास्कारो, मूळचे मायोर्का बेटावरचे. गीतेचा आणि उपनिषदांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद पुष्कळांनी वाचलेला असतो. हॅरिसनला टीव्हीवरच्या एका चर्चेत ऐकून त्यांनी त्याला पत्र लिहिलं आणि सुचवलं की चिनी ‘ताओ ते चिंग’मधल्या सत्तेचाळिसाव्या अध्यायाला चाल लाव. दाराबाहेर न जाता सगळं जग जाणता येतं, खिडकीबाहेर न डोकावता आकाशाची वाट कळते, जितकं दूर जावं तितकं कमी कळतं. हॅरिसनने ते ओळीओळीने जवळजवळ तसंच घेतलं. फेब्रुवारीत लंडनला जाऊन त्याने आवाज दिला. सूर उंच होता, त्याला धीर होईना. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीने त्याला गायला लावलं, आणि शेवटच्या ओळीला दोघांनी आपला आवाज जोडला. १५ मार्चला तबकडी निघाली तेव्हा हॅरिसन हृषीकेशला होता.

गाणं अडीच मिनिटांच्या थोडं पुढे. सुरुवातीला सनई आणि सरोद उडी मारून येतात, पखवाज मागे धावतो, लग्नघरातल्यासारखी लगबग. मग एकदम सगळं खाली बसतं आणि हॅरिसन गायला लागतो, इतक्या हळू की जणू शेजारच्या खोलीत कुणी निजलंय. पुन्हा लगबग, पुन्हा शांत. बाहेर आणि आत, बाहेर आणि आत. ‘लेडी मॅडोना’मध्ये पियानो उत्तम आहे, सॅक्सोफोन उत्तम आहे, ती धून मान डोलवायला लावते. पण ती जिथे सुरू होते तिथेच संपते. ‘द इनर लाइट’ संपल्यावर खोलीतला आवाज बदललेला असतो. पंख्याची घरघर ऐकू यायला लागते. पॉल मॅकार्टनीनेही त्या वेळी लोकांना सांगितलं होतं की भारतीय संगीत वगैरे विसरा, नुसती चाल ऐका, किती सुंदर आहे ती.

पण मला धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. हॅरिसनने पुढे त्या स्टुडिओबद्दल सांगितलं आहे की तिथे बाहेरचा आवाज रोखायची सोय नव्हती. त्या दिवसांतल्या काही मुद्रणांत टॅक्सी जाताना ऐकू येतात. आणि संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की माणसं जिन्यावरून धडधडत खाली उतरायची, तेवढा वेळ वादकांना हात थांबवून बसावं लागायचं.

ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. माझे बाबा त्या काळी फोर्टात कारकून होते. त्याच रस्त्यावर, दोन-चार इमारती सोडून.

बाबा आता एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. कान अजून शाबूत. मामाच्या गाण्यांना ते आयुष्यभर ‘धांगडधिंगा’ म्हणत आले. गेल्या रविवारी दुपारी मी त्यांच्या खुर्चीशेजारी नवा रेकॉर्ड प्लेअर ठेवला, मामाची ‘लेडी मॅडोना’ काढली आणि पाठ वर करून लावली. झिजलेल्या खाचांतून आधी खरखर आली, मग सनई. बाबांनी मान वळवली.

“हे आपल्याकडचं वाजतंय.”

“हो. तुमच्याच रस्त्यावर वाजवलंय. अडुसष्ट साली.”

मी त्यांना शब्दांचा अर्थ सांगितला. दाराबाहेर न जाता, खिडकीबाहेर न बघता. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “तुकोबांनी वेगळं काय सांगितलंय? न लगती सायास जावें वनांतरा, सुखें येतो घरा नारायण. ठायींच बैसोनि करा एकचित्त.” मग पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मी जिन्याची हकिकत सांगितली. साडेपाचला सगळे धडधडत उतरायचे आणि वर सरोद, पखवाज, बासरी घेऊन बसलेली माणसं वाट बघत बसायची. बाबा बराच वेळ बोलले नाहीत.

“धावावंच लागायचं,” शेवटी ते म्हणाले. “पाच एक्कावन्नची डोंबिवली चुकली की घरी पोचायला आठ. तू तेव्हा चार वर्षांचा होतास, झोपून जायचास.” आणि मग, काळजीने, “आमच्यामुळे त्यांना थांबावं लागायचं म्हणतोस?”

“थोडाच वेळ.”

“पण झालं ना पुरं?”

“झालं की. ऐकलंत ना आत्ता.”

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी हात पुढे करून तबकडी मागितली, डोळ्यांजवळ धरली, बोटाने कड चाचपली.

“तुझ्या मामाची ना ही? आणि हिच्या पाठीवर काय आहे?”

मी तबकडी त्यांच्या हातातून घेतली आणि उलटी करून लावली.